खोळीचे कोपरे

लग्नात आहेर म्हणून उशी देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे पिंजारी सर. स्टीलचे डबे, भिंतीवरची घड्याळं आणि साड्यांच्या ढिगात सरांची पांढरीशुभ्र उशी अशा काही ऐटीत बसायची, की जणू लग्न तिचंच आहे.

पारोळ्याकडच्या एका खेड्यात आमच्या विद्यार्थिनीचं लग्न होतं. सर आणि मी कॉलेजातून सोबत गेलो होतो. पंगती उठत होत्या. मंडपात पंख्यांचा नुसता आवाज होता, वारा नव्हता. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी उशी काखेत मारून थेट आमच्यासमोर येऊन उभी राहिली. आहेर मांडताना कुणाच्या तरी हाताला उशीत काहीतरी कुरकुरीत लागलं होतं. खोळीचा कोपरा उसवला होता आणि आजींच्या मुठीत गोळ्यांचं पाकीट होतं.

"मास्तर, ह्या कसान्या गोया शेतस? नवरीले काही रोग शे का?"

नवरीच्या बापाचा चेहरा उतरला. सर मात्र शांतपणे हात पुसत उठले.

"रोग नही शे, माय. मी बठ्ठ्या पोरीस्ले देस. पोऱ्या धडधाकट व्हवाले पाहिजे ना? त्यान्या शेतस."

"मंग उशीमा कसाले घाल्यात?"

याचं उत्तर सरांनी आजींना दिलं नाही. अहिराणीतच समजूत काढत त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं, होणारं बाळ धडधाकट निघावं म्हणून डॉक्टरला विचारून पोरीला या गोळ्या सुरू करा, असं सांगितलं. आजींना किती कळलं कोण जाणे, पण रोग नाही एवढं कळलं आणि लग्न पार पडलं. परतताना एसटीत मी सरांना म्हटलं, "अहो, पाकिटात घालून द्या ना सरळ."

"पाकीट नवरा उघडतो, ताई," सर म्हणाले. "उशीवर डोकं तीच ठेवते. कोपऱ्यात काहीतरी टोचलं की बघेल."

फॉलिक अ‍ॅसिडच्या साध्या गोळ्या. त्यांचं मूळ मला माहीत होतं, म्हणून मी हसले नाही.

पिंजारी सर आमच्या अमळनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी वनस्पतिशास्त्राची. माझ्या विषयात कुणी रडत नाही, त्यांच्या विषयात रडायला भरपूर जागा. सरांच्या घरी पिढीजात कापूस पिंजायचं काम. खाली गाद्यांचं दुकान, वर दोन खोल्या, आणि मागे पिंजायचं यंत्र. सकाळी कॉलेजला येण्याआधी सर तासभर दुकानात बसत. मग कितीही आंघोळ करोत, भुवयांत कापसाचे तंतू राहायचेच. पोरं त्यांना गादी सर म्हणायची. सरांना ते माहीत होतं. हजेरी घेताना कुणी पेंगत असला की म्हणायचे, "झोप बाबा, गादी सर उभा आहे तोवर झोप. परीक्षेत जमीन टणक लागेल."

एम.एस्सी. झाल्यावर त्यांना पुण्याला संशोधनाची संधी होती असं जुने लोक सांगत. सर स्वतः कधी त्याबद्दल बोलले नाहीत. एकदाच, भ्रूणाचा धडा शिकवून आल्यावर, चहा ढवळत म्हणाले, "सुरुवातीला प्रत्येक पेशी काहीही होऊ शकते, ताई. कातडी, हाड, डोळा, काहीही. मग शेजारच्या पेशी तिला सांगत राहतात, तू अमुक हो, तू अमुक हो. ती ऐकते. एकदा ठरलं की मग तिला मागे फिरता येत नाही." चहा पिऊन झाला. खिडकीकडे बघून म्हणाले, "माझ्या शेजारी दुकान होतं, आजारी बाप होता. मी इथला झालो."

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना कबुतरांमुळे जाळ्या ठोकून टाकल्या होत्या. जाळीत धूळ, धुळीत कापूस. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत उभं राहणं म्हणजे शिक्षाच. अंडी उबवायचं यंत्र होतं, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते बंद ठेवलं तरी अंडी शिजायची पाळी. सर ओली पोती टांगायचे, दर तासाला येऊन हात लावून बघायचे. मग एखाद्या सकाळी अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडून पोरांना एकेक करून बोलवायचे. आत लाल ठिपका धडधडत असायचा. अंडं नावालाही न चालणाऱ्या घरची पोरं नाकाला रुमाल लावून यायची आणि रुमाल खाली करून बघत राहायची.

"पिलू अजून नाही," सर हळू आवाजात सांगायचे. "डोळे नाहीत, पाय नाहीत. पण काळीज चालू झालंय. घर बांधायच्या आधी यांनी चूल पेटवली."

पण सरांचा खरा तास उशीचा. त्या दिवशी दुसऱ्या वर्गातली पोरंही येऊन मागे उभी राहायची. गादी कशी भरतात ते तुम्ही पाहिलं असेल तर ठाऊक असेल. खोळ उलटी करून जमिनीवर पसरतात, तिच्यावर कापूस सारखा करतात, मग सगळं मिळून गुंडाळत नेतात आणि तोंडातून हात घालून खोळ सुलटी ओढतात. बाहेरचा कापूस बघता बघता आत जातो. सर हेच टेबलावर उशीच्या खोळीवर करून दाखवायचे.

"बघा. भ्रूण असाच स्वतःत शिरतो. आधी सगळ्या पेशी एका थरात. मग काही आत जातात, काही मध्ये राहतात, काही बाहेर. तीन थर झाले. आतल्या थराचं आतडं होणार, यकृत होणार. मधल्याचे स्नायू, हाडं, रक्त. आणि बाहेरच्याची कातडी." मग थांबायचे. "आणि मेंदू. तुमचा मेंदू आणि तुमची कातडी एकाच कापडाची आहे. म्हणून कुणी टोचून बोललं की दोन्हीकडे लागतं."

खोळ सुलटी झाली की कोपरे आत दबून राहतात. सर बोट घालून एकेक कोपरा बाहेर काढायचे. "भरता कुणालाही येतं. कोपरे निघाले पाहिजेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग एखादी चादर नाहीतर टॉवेल घेऊन पुढचा भाग. पाठीवरच्या थराला मधोमध घडी पडते, दोन्ही काठ वर उचलले जातात, मध्ये येऊन एकमेकांना मिळतात आणि नळी तयार होते. त्या नळीचा वर मेंदू, खाली मणक्यातली दोरी. काठ मिळालेच नाहीत तर काय होतं, तेही सर सांगायचे. इथे ते मुलींच्या बाकांकडे न बघता, फळ्याकडे तोंड करून बोलत.

"हे फार लवकर होतं. बाईला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. म्हणून गोळी आधीपासून हवी. लग्न ठरलं की डॉक्टरांना विचारा. नंतर विचारून उपयोग थोडा."

वर्षानुवर्षं ते हे वाक्य बोलत आले. वर्गातल्या प्रत्येक पोरीला त्यांनी ते ऐकवलं.

एका पोरीला सोडून. रुबिना, त्यांची एकुलती एक लेक. ती आठवीत असताना तिची आई गेली. सरांनी तिला एकट्यानं वाढवलं, तिच्या वेण्या घालायला शिकले, वेण्या वाकड्या यायच्या म्हणून शेजारणीकडून पुन्हा शिकले. बारावी सायन्सला ती आमच्याच कॉलेजात आली. नाव सरांच्या तुकडीत लागलं होतं. सरांनी स्वतः ऑफिसात जाऊन तिला दुसऱ्या तुकडीत घालून घेतलं. बापानं पोरीसमोर उभं राहून तो धडा कसा शिकवायचा? आम्हा सगळ्यांनाच ते रीतीला धरून वाटलं. मुसलमानाच्या घरात काय आणि पाटलाच्या घरात काय, बाप-लेकीत अशा गोष्टी निघत नाहीत.

दुसऱ्या तुकडीला जे सर होते त्यांनी तो धडा आला तेव्हा पुस्तक मिटलं आणि सांगितलं, "हे घरी वाचून घ्या." पोरी खाली मान घालून हसल्या. तास लवकर सुटला.

रुबिनाचं लग्न धुळ्याला झालं. जावई चांगला, फर्निचरचं काम करणारा, हसरा मुलगा. लग्नात सरांनी तिला दोन गाद्या दिल्या, स्वतःच्या हातानं भरलेल्या. उशा दिल्या. त्या उशांत काही नव्हतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एक दिवस स्टाफरूममध्ये सरांचा फोन वाजला. जावयाचा होता. सर उभं राहूनच ऐकत होते. दोनदा "हां बेटा" म्हणाले. मग फोन खिशात ठेवायला गेले, तो खिशात जाईना. मी तो त्यांच्या हातातून घेतला.

"सोनोग्राफी झाली," सर म्हणाले. "डोक्याची हाडं बनलीच नाहीत म्हणतात." माझ्याकडे बघत होते, पण मी तिथे नव्हतेच. "वरचं तोंड उघडं राहिलंय, ताई. काठ मिळाले नाहीत."

बाळ वाचणार नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि जे करायचं ते लवकर करावं लागलं. रुबिना पाच दिवसांनी घरी आली तेव्हा सर मला म्हणाले, "बरोबर चला. बाईमाणूस असलेलं बरं." आम्ही धुळ्याला गेलो.

घर लहान, दिवाणखान्यात एक दिवाण आणि लाकडाच्या भुशाचा वास. रुबिना आतल्या दारात भिंतीला टेकून बसली होती. तिची सासू वाईट बाई नव्हती, पण दुःखाला काहीतरी कारण लागतं. ग्रहणात सुनेनं भाजी चिरली होती, हे त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवण्याआधीच सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागल्या तेव्हा सर उठले, दिवाणावरची चादर त्यांनी ओढून घेतली आणि मांडीवर पसरली.

"भाभी, ग्रहणाचं काही नाही. इकडे बघा." सर आता शिकवायला लागले होते. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. चादरीला मधोमध घडी घातली, दोन्ही काठ उचलले. "हे असे वर येतात. असे मिळतात. हिच्या बाळाचं वरचं टोक मिळालं नाही. हे फार आधी होतं, हिला दिवस गेल्याचं कळण्याआधी. तेव्हा ना ग्रहण होतं ना भाजी. हिची काही चूक नाही. एक गोळी असते, ती आधीपासून घेतली तर..."

सर थांबले. काठ त्यांच्या हातात तसेच राहिले.

दारातून रुबिनाचा आवाज आला. "अब्बा, आपको मालूम था?"

जावई पंख्याकडे बघत होता.

"हां," सर म्हणाले.

"क्लास में सबको बताते थे?"

"हां, बेटा."

रुबिना उठली आणि आत गेली. दार लावलं नाही, पडदाही ओढला नाही. नुसती आत जाऊन आम्हाला दिसणार नाही अशी बसली. त्या लहान खोलीतून बाहेर पडायला सरांना किती वेळ लागला! चपला सापडेनात. सापडल्या तर डावी-उजवी कळेना.

गोळी घेतली असती तर नक्की वाचलं असतं, असं कुठलाच डॉक्टर म्हणाला नाही. सरांनी तिघांना विचारलं. तिघंही म्हणाले, धोका कमी झाला असता, पण गोळी घेऊनही कधीकधी होतं. मी सरांना तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मला वाटायचं, यात दिलासा आहे.

"यात दिलासा नाही, ताई," एकदा ते म्हणाले. "गोळी घेऊनही नक्की झालं असतं म्हणाले असते तर मी सुटलो असतो. नक्की वाचलं असतं म्हणाले असते तर शिक्षा तरी कळली असती. हे मधलं आहे. याला दोन्हीकडून दार नाही."

रुबिना त्यांच्याशी भांडली नाही. ईदला यायची, त्यांना सलाम करायची, स्वयंपाक करून ठेवायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. विचारलं तेवढं सांगायची. सरांना ते भांडणापेक्षा जड गेलं. दुकानाच्या मागे यंत्र लावून बसायचे, कापूस पिंजून झाला तरी यंत्र चालूच ठेवायचे. खोकला वाढला. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, अमळनेरच्या बाहेर चार दिवस तरी जा कुठे." ते म्हणाले, "जाऊन काय करू? तिथेही मीच असणार." त्यानंतर त्यांनी लग्नांत उशा द्यायला सुरुवात केली. कुणी हसलं, कुणी रागावलं. काही पोरींनी उशी घरी नेऊन कोपरा उसवला असेलही.

मग एके दिवशी रुबिनाचा फोन आला. त्यांना नाही, मला. "मॅडम, पाचवा महिना लागलाय. सोमवारी मोठी सोनोग्राफी आहे. अब्बांना घेऊन या."

तिला दिवस गेलेत हेच मला माहीत नव्हतं. सरांनाही नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "गोळी?"

"आधीपासून घेतेय म्हणाली. डॉक्टरांनी जास्त ताकदीची दिलीय."

धुळ्याच्या त्या केंद्रात बसायची खोली तळघरात होती. खिडकी नाही. भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नाही असा मोठा फलक, त्याखाली बाकांवर पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसले. नाव पुकारलं तशी रुबिना उठली, माझा हात धरला आणि सरांकडे वळली.

"मी इथेच बसतो," सर घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही जा, ताई. मी बाहेर..."

"अब्बा, चलो," रुबिना म्हणाली.

आत अंधारलेलं होतं. डॉक्टरबाई आमच्यापेक्षा लहान, कामाच्या घाईत. सर दाराला पाठ लावून उभे राहिले आणि जमिनीकडे बघत राहिले. पडद्यावर करडं काहीतरी हललं. डॉक्टरबाई बटणं दाबत होत्या, मापं घेत होत्या, बोलत नव्हत्या. रुबिनाची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

"सगळं..." डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं.

"थांबा," रुबिना म्हणाली. "अब्बा, आप देखो. आप बताओ."

सरांनी मान वर केली नाही.

"क्लास में सबको बताया ना? मुझे भी बताओ."

डॉक्टरबाईंना काय कळलं माहीत नाही, पण त्यांनी हात स्थिर ठेवला आणि पडदा सरांकडे फिरवला. सर एक पाऊल पुढे आले. मग आणखी एक. चष्मा काढला, पुसला, लावला. मी त्यांना हजारदा वर्गात शिकवताना पाहिलं होतं. तसाच त्यांचा उजवा हात उचलला गेला आणि बोट पडद्यापासून वीतभर दूर थांबलं. घरी ते रुबिनाशी कायम हिंदीत बोलत. पण या गोष्टीसाठी त्यांच्याकडे घरची भाषाच नव्हती. फळ्यासमोरच्या मराठीत, फळ्यासमोरच्या आवाजात ते म्हणाले,

"ही कवटी. पूर्ण गोल आहे. हे मेंदूचे दोन भाग. आणि हा मणका. वरपासून खालपर्यंत बघ. कुठेही उघडा नाही. नळी नीट मिटलेली आहे."

"हो, अगदी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रुबिना रडायला लागली. मीही. तिनं हात लांब केला, सरांनी तो धरला, तिच्या कपाळावर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. सगळेच सुटलो.

जावयानं दिलेल्या पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन सर परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसले. बाहेर वेचणीला आलेली कपाशी पांढरी पसरली होती. मी म्हटलं, "आता तरी मनावरचं उतरवा, सर."

"गोळी घेतली आणि मिटली," ते म्हणाले.

"मग चांगलंच झालं ना?"

"चांगलंच झालं. खूप चांगलं झालं." त्यांनी पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. "म्हणजे त्या वेळीही मिटली असती."

"सर, असं म्हणता येत नाही. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"म्हणता येत नाही, बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले, आणि अमळनेर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

सर त्याच वर्षी निवृत्त झाले. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते रुबिनाचे दिवस भरत आले होते तेव्हा. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. दुकानावरून जाताना मला वरून तिचं हसणं ऐकू आलं, म्हणून मी आत डोकावले. सर जमिनीवर बसले होते. भुवया पांढऱ्या, आता कापसानं किती आणि वयानं किती हे सांगता येईना. पुढ्यात बाळाची गादी तयार होती. हातभर लांब, पिवळ्या फुलांच्या कापडाची, चारही कोपरे टोकदार निघालेले. तिच्याशेजारी तेवढ्याच मापाची दुसरी खोळ उलटी पसरलेली आणि तिच्यावर कापूस सारखा केलेला.

"जुळं आहे की काय, सर?" मी हसत विचारलं.

"नाही, ताई. येणारं एकच आहे," सर म्हणाले, आणि कापूस गुंडाळून त्यांनी दुसऱ्या खोळीत हात घातला.